धावपट्टीच्या अलीकडे

आकाशात घिरट्या घालणारी घार पाहताना मान अवघडते, पण नजर हटत नाही. पंख न हलविता ती वाऱ्यावर तरंगते, किंचित कलते आणि क्षणात दिशा बदलते. तीच घार जमिनीवर उतरली म्हणजे मात्र तिचा सारा डौल कोठल्या कोठे नाहीसा होतो. फेंगडी पावले टाकीत, मधूनच उडी मारीत ती कशीबशी पुढे सरकते. ज्या पंखांनी तिला आकाशाचे राज्य दिले, तेच पंख जमिनीवर तिला ओझे होतात. माणसाने बनविलेल्या विमानाचीही तीच गत आहे.

विमान म्हटले की डोळ्यांपुढे आकाश येते. विमानाचा अपघात म्हटला की वादळ, धुके, डोंगराचे कडे या गोष्टी आठवतात. परंतु विमानाच्या प्रत्येक प्रवासाचा आरंभ जमिनीवर होतो आणि शेवटही जमिनीवरच होतो. विमान उभे असते एकीकडे आणि धावपट्टी असते दुसरीकडे. मधले अंतर त्याला आपल्या चाकांवर, आपल्याच इंजिनाच्या बळाने चालून जावे लागते. या चालण्याला वैमानिक ‘टॅक्सी करणे’ म्हणतात, आणि ज्या अरुंद रस्त्याने ते चालते त्याला टॅक्सी-मार्ग म्हणतात. लहान विमानाचे हे चालणे बहुधा काही मिनिटांचेच असते. तेवढ्यात प्रवासी पट्टा बांधतो आणि खिडकीबाहेर पाहतो. त्याच्या लेखी प्रवास अजून सुरूच झालेला नसतो. वैमानिकानेही तसेच मानले तर काय होते, हे जगातील अनेक विमानतळांवर दिसून आले आहे. जमिनीवर चालता चालता लहान विमाने एकमेकांवर आदळली आहेत. बहुतेकदा पंखाचे टोक चेपते, शेपूट वाकते, प्रोपेलरचे पाते मोडते. क्वचित् एखाद्या माणसाचा प्राणही जातो.

आभाळात शेकडो कोस सुखरूप जाणाऱ्या या यंत्राला चार पावले नीट चालता येऊ नयेत, याचे आश्चर्य वाटेल. पण विमानाची घडण पाहिली की कारण उमगते. मोटारीत बसलेला माणूस हातातील चाक फिरवितो आणि मोटार वळते. लहान विमानातही पुष्कळदा चाकासारखीच दांडी हातात असते. पहिल्या दिवशी शिकाऊ वैमानिक ती दांडी जोराने फिरवितो आणि विमान मात्र सरळच जात राहते. कारण ती दांडी आकाशात उपयोगी पडणारी. जमिनीवर विमान वळवावयाचे ते पायांनी. उजवा पाय दाबला की विमान उजवीकडे वळते, डावा दाबला की डावीकडे. थांबविण्याचे ब्रेकही बहुधा त्याच पायटांच्या वरच्या भागात असतात. म्हणजे हातांची जन्माची सवय विसरून पायांना नवी विद्या शिकवावी लागते.

वाऱ्याची लहर वेगळीच. विमानाचे उभे शेपूट म्हणजे एक मोठे वातकुक्कुट. वारा बाजूने आला की तो शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहते. त्यातच लहान विमानाची मोठी अडचण अशी, की त्याला मागे येता येत नाही. पुढचा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, त्याला पुढेच ओढतो. बैलगाडी चुकून अरुंद बोळात शिरली तर बैलांना मागे रेटता येते. मोटार मागे घेता येते. लहान विमान एकदा अडचणीच्या जागी शिरले, की इंजिन बंद करून खाली उतरणे व हातांनी ते मागे ढकलणे, एवढाच उपाय उरतो.

शिवाय विमान रुंद असते. कडब्याने भरलेली गाडी गावातील गल्लीतून नेणारा गाडीवान पुढे पाहतो, तसाच दोन्ही अंगांनाही पाहतो. गाडीच्या चाकांना वाट मिळाली तरी बाहेर आलेला कडबा कोणाच्या ओट्याला घासेल, हे त्याला ठाऊक असते. सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान १९५६ पासून जगभर पसरले. एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही विमान आजवर बनलेले नाही. त्याची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, पण पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ११ मीटर. चाके मात्र मधोमध, एकमेकांच्या जवळ. वैमानिक डाव्या आसनावर बसतो. उजव्या पंखाचे टोक त्याच्यापासून जवळजवळ सहा मीटर दूर असते. चाके पिवळ्या रेषेवर बरोबर चालत असली, तरी ते टोक कोठे पोहोचले आहे हे चाकांना ठाऊक नसते. विमान डावीकडे वळले की शेपूट उजवीकडे झुकते. शेजारी दुसरे विमान उभे असेल, तर नाक सुटले तरी शेपूट अडकू शकते.

या पंखांचे अंग फार नाजूक असते. विमान हलके असावे म्हणून त्याचे ॲल्युमिनियमचे कातडे बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ ठेवलेले असते. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, पण आतील आधाराची पट्टी वाकली आहे की काय, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रोपेलर कशावर आपटला तर नुसते पाते बदलून भागत नाही. त्या धक्क्याने इंजिनाच्या आत काय बिघडले हे तपासण्यासाठी सारे इंजिन खोलावे लागते. जमिनीवर न दिसलेली भेग आकाशात उघडी पडली, तर तेथे कोणी थांबून दुरुस्ती करू शकत नाही.

उडण्यापूर्वी चालावयास शिकले पाहिजे, ही जाणीव माणसाला फार लवकर झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील वैमानिकांच्या शाळांत एक गमतीदार विमान होते. त्याचे पंख मुद्दाम आखूड केलेले असत, त्यामुळे ते कितीही धावले तरी उडत नसे. पंख असून न उडणाऱ्या पक्ष्यावरून त्याला ‘पेंग्विन’ हे नाव पडले. नव्या विद्यार्थ्याने त्यात बसावे आणि मोकळ्या माळावरून ते सरळ रेषेत चालवून दाखवावे, हा पहिला धडा. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. थोडे दुर्लक्ष झाले की ते यंत्र स्वतःभोवती गर्रकन् फिरे. विमानाच्या अशा गिरकीला फ्रेंच लोक ‘लाकडी घोडा’ म्हणत, जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यातल्या घोड्यासारखा! आकाशात जाण्याची स्वप्ने घेऊन आलेल्या तरुणांना प्रथम या घोड्यावरच मांड ठोकावी लागे.

त्या काळच्या आणि पुढील कित्येक वर्षांच्या विमानांत आणखी एक अडचण होती. दोन मोठी चाके पुढे, आणि आधाराला शेपटीखाली एक लहान चाक किंवा नुसती लोखंडी पट्टी. त्यामुळे जमिनीवर विमान शेपूट टेकून, नाक वर करून बसे. उडताना ते सरळ होई आणि वैमानिकाला पुढचे दिसे. जमिनीवर मात्र त्याच्या डोळ्यांपुढे इंजिनाचे उंच नाक भिंतीसारखे उभे राही. १९३१ साली इंग्लंडमध्ये प्रथम उडालेले ‘टायगर मॉथ’ हे शिकाऊ विमान असेच होते. भारतातही कित्येक वैमानिक त्यावर शिकले. पुढे बंगळूर येथे डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचे ‘एचटी–२’ हे शिकाऊ विमान तयार झाले आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम आकाशात गेले. त्याचेही तिसरे चाक शेपटीखालीच होते.

पुढे न दिसणाऱ्या विमानाने चालावयाचे कसे? वैमानिकांनी यावर एक युक्ती काढली. सरळ न जाता नागमोडी जावयाचे. नाक थोडे उजवीकडे वळवावे आणि डाव्या बाजूने पुढची वाट पाहून घ्यावी. मग नाक डावीकडे वळवावे आणि उजव्या बाजूने पाहावे. असे दर काही पावलांनी. दुरून पाहणाऱ्याला ते विमान धुंद झाल्यासारखे वाटेल, पण तीच त्याची शुद्ध होती. जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे वाट मोकळीच असेल, असे तो वैमानिक गृहीत धरीत नसे. नाक वळवून तो ती जागा पुन्हा पुन्हा पाहून घेई.

दुसऱ्या महायुद्धातील ‘स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाचे नाक तर फारच लांब होते. शिवाय जमिनीवर फार वेळ रेंगाळले की त्याचे इंजिन भलतेच तापे. इंजिन म्हणे, ‘लवकर चल’. नाक म्हणे, ‘हळू चल, वाट दिसत नाही’. या दोघांच्या ओढाताणीत वैमानिकाला आपले डोके शांत ठेवावे लागे. इतर मोठ्या लढाऊ विमानांच्या बाबतीत कधी कधी एखादा सैनिक पंखावर बसे आणि हाताने खुणा करून आतील वैमानिकाला वाट दाखवी. आपल्याला दिसत नसेल तर ज्याला दिसते त्याची मदत घ्यावी, यात त्या शूर वैमानिकांना कमीपणा वाटत नसे.

वारा फार असला की स्पिटफायरची शेपूट उचलली जाऊ नये म्हणून तीवर एखाद्या कर्मचाऱ्याला बसविण्याची पद्धत होती. धावपट्टीपाशी विमान थांबले की त्याने उडी मारून बाजूला व्हावयाचे. १९४५ साली इंग्लंडमधील एका हवाई तळावर मार्गारेट हॉर्टन ही तरुणी अशीच शेपटीवर बसली होती. ती अजून मागेच आहे हे वैमानिकाला कळले नाही. तो न थांबता धावला आणि विमान तिच्यासह आकाशात गेले! शेपटीला घट्ट मिठी मारून ती तशीच पडून राहिली. विमान जड का लागते, हे वैमानिकाला उमजेना. अखेर तो एक फेरी मारून परत उतरला आणि ती सुखरूप खाली आली. ही हकीकत ऐकून हसू येते, कारण शेवट गोड झाला. परंतु न दिसणाऱ्या जागी एक माणूस असतो, आणि चालविणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, ही गोष्ट हसण्यासारखी नव्हे. प्रत्येक वेळी शेवट गोड होतोच असे नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे गाव आहे. १९७० पासून तेथे उन्हाळ्यात हौशी वैमानिकांचा मोठा मेळा भरतो. पंढरीच्या वाटेवर जशा गावोगावच्या दिंड्या येऊन मिळतात, तशी देशभरची हजारो विमाने जुलैच्या अखेरीस तेथे उतरतात. कोणी आपल्या घरच्या कोठारात स्वतःच्या हातांनी बनविलेले विमान घेऊन येतो, तर कोणी महायुद्धातील जुने विमान निगुतीने जपून आणतो. त्या काही दिवसांत तेथील नियंत्रण-मनोऱ्यावर जगातील अत्यंत गर्दीच्या विमानतळांइतका ताण पडतो. आणि या सर्व विमानांना गवतावरून, टॅक्सी-मार्गावरून एकामागून एक चालावेच लागते.

२००६ च्या जुलै अखेरीस त्या मेळ्यात दोन विमाने अशीच एकामागून एक चालली होती. पुढचे होते ‘आरव्ही–६’, हौशी लोक घरी जोडतात असे दोन आसनी चिमुकले विमान. त्याच्या पंखांची रुंदी सुमारे ७ मीटर. मागून येत होते ‘ॲव्हेंजर’, दुसऱ्या महायुद्धात जहाजावरून उडणारे बलाढ्य विमान. त्याचे वजन पुढच्याच्या सुमारे दहापट, पंखांची रुंदी १६ मीटरांहून अधिक, आणि नाक वर करून चालणारे. मागच्या वैमानिकाला पुढचे चिमुकले विमान दिसले नाही. जमिनीवर, संथ गतीने चालता चालता, ते मोठे विमान त्या लहान विमानावर चढले, आणि लहान विमानातील प्रवाशाला प्राण गमवावे लागले.

या घटनेत वादळ नव्हते, धुके नव्हते, आणि दोन्ही विमानांची चाके जमिनीवर होती. पुढच्या विमानात बसलेल्या माणसांच्या पाठीला डोळे नव्हते. मागून काय येत आहे हे त्यांना दिसणे शक्य नव्हते. त्यांचा जीव सर्वस्वी मागच्याच्या दृष्टीवर अवलंबून होता. जो मागे असतो, जो मोठा असतो, ज्याच्या हाती अधिक बळ असते, त्याच्यावरच पाहण्याची अधिक जबाबदारी येते. लहान विमानाचा प्रोपेलरसुद्धा मंद गतीत मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेत असतो. त्याच्या वाटेत आलेल्याला तो ओळखीत नाही.

अशा टकरी का होतात? वैमानिक अडाणी असतात म्हणून खास नव्हे. पुष्कळदा त्याचे लक्ष दुसऱ्या एखाद्या योग्य कामातच गुंतलेले असते. कोणी यादी वाचून यंत्रे तपासतो, कोणी रेडिओवरील सूचना लिहून घेतो. पूर्वी नकाशाची घडी उलगडावी लागे. हल्ली नकाशा काचेच्या पडद्यावर दिसतो, पण मान खाली जाते ती तशीच. भराभर चालणाऱ्या माणसाच्या गतीने, म्हणजे तासाला सहा किलोमीटर वेगाने, विमान चालले आहे असे समजावे. दहा सेकंद नजर खाली गेली, तर तेवढ्या वेळात ते सुमारे १७ मीटर पुढे गेलेले असते. तासाला २० किलोमीटर वेग असेल, तर ५५ मीटर! सतरा काय किंवा पंचावन्न काय, ते अंतर ते विमान डोळे मिटून चाललेले असते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. विमान सुखरूप उतरले की वैमानिकाच्या मनावरचा भार हलका होतो. वारा, ढग, उंची या साऱ्यांतून आपण पार पडलो असे त्याला वाटते. महापूर पोहून आलेला माणूस काठावरच्या शेवाळावर घसरून पडावा, तसे मग होते. पुरात त्याने प्रत्येक हात जपून मारलेला असतो. काठावर मात्र तो पाय कोठे पडतो हे पाहत नाही.

असे होऊ नये म्हणून नियम केलेले आहेत, आणि त्यांतील बरेच नियम साऱ्या जगात सारखे आहेत. १९४४ साली शिकागो येथे अनेक राष्ट्रांनी मिळून करार केला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्मास आली. तिच्या नियमांप्रमाणे जमिनीवर दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनीही थांबावे, किंवा जागा असल्यास आपापल्या उजवीकडे वळावे. आडव्या वाटांनी दोन विमाने एकत्र येत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. पाठीमागून पुढे जाऊ पाहणाऱ्याने पुढच्यापासून पुरेसे अंतर राखावे. भारतात रस्त्यावर वाहने डावीकडून जातात, म्हणून बारामती किंवा गोंदिया येथे विमान शिकावयास आलेल्या तरुणालाही हा उजवीकडे वळण्याचा पाठ मनात नीट ठसवावा लागतो.

जमिनीवर खुणाही आखलेल्या असतात. टॅक्सी-मार्गाची मधली रेषा पिवळी. रात्री त्याच्या कडांना निळे दिवे लागतात. धावपट्टीच्या तोंडाशी चार पिवळ्या रेषा आडव्या आखलेल्या असतात, दोन अखंड व दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूने आलेल्याने तेथे थांबावयाचे, आणि आज्ञा मिळाल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. नियंत्रण-मनोऱ्यातील अधिकारी वाट सांगतो, तरीही पंख कशाला लागतो की काय हे पाहण्याचे काम वैमानिकाचेच राहते. दाटीच्या जागी दोन्ही पंखांच्या टोकांपाशी माणसे चालतात आणि खुणा करतात. हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले, की त्याचा अर्थ एकच, ‘थांब!’

थांबणे हीच या विद्येतील सर्वांत मोलाची आणि सर्वांत अवघड गोष्ट. आकाशात विमानाला थांबता येत नाही. थांबले तर ते पडेल. जमिनीवर मात्र ही सवलत त्याला मिळालेली आहे. पंख जाईल की नाही अशी शंका आली, सूर्य डोळ्यांवर आला, रेडिओवरचे बोलणे नीट समजले नाही, तर ब्रेक दाबून उभे राहता येते. शंका फिटेना, तर इंजिन बंद करून, प्रोपेलर पूर्ण थांबल्यावर खाली उतरता येते आणि जाऊन डोळ्यांनी पाहता येते. यात चार मिनिटे जातात, मागचे लोक खोळंबतात, कोणी हसतोही. लहान विमानतळांवर कधी कधी एक दृश्य दिसते. ढगांतून फिरून आलेला वैमानिक खाली उतरतो, विमानाच्या नाकाला दांडी अडकवितो आणि घाम गाळीत, दोन्ही पंखांकडे आळीपाळीने पाहत, आपले विमान हाताने ढकलीत जागेवर नेतो. कोणी गंमत म्हणून त्याच्याकडे पाहील. पण जाणत्या लोकांच्या मनात त्याच्याविषयी आदरच वाढतो.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी म्हण आहे. टॅक्सी-मार्गावरील प्रत्येक पिवळी रेषा आणि प्रत्येक नियम अशाच कोणाच्या तरी ठेचेतून शिकलेले शहाणपण आहे. पण या वाटेवर मागच्याने पाहिले नाही तर ठेच पुढच्याला बसते. म्हणून येथील मागच्याला ठेच लागण्याची वाट पाहता येत नाही. त्याला आधीच शहाणे व्हावे लागते. आणि त्यासाठी फारसे काही लागत नाही. हळू चालावे, नाक वळवून पाहावे, आणि दिसेनासे झाले की थांबावे. एवढे ज्याला जमले त्याच्यासाठी पुढे धावपट्टी आहे, आणि धावपट्टीच्या पलीकडे आकाश मोकळे आहे.